दोन वाजताचा काजळ्या

देवरावला बायकोच्या आवडत्या माणसावर जळायची पाळी आली, आणि तो माणूस तर जन्मालाच आलेला नव्हता. आता हे ऐकून तुम्ही हसाल. हसा बापा. वणीच्या धर्मकाट्यावरचे सगळे ड्रायव्हर हसले, तुम्हीच कशाला मागे राहता?

देवराव वणीहून राजूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका खासगी धर्मकाट्यावर, ट्रक तोलायच्या वजनकाट्यावर, बसायचा. कोळशाने भरलेला ट्रक काट्यावर चढवायचा, ड्रायव्हरला खाली उतरवायचं, आकडा डुगडुगायचा थांबला की चिठ्ठी फाडायची. बावीस वर्षं हेच. थांबणं त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं, की घरी कुणी भांडायला आलं तरी तो थांबायचा. समोरचा बोलून बोलून थकायचा, पाणी पिऊन निघून जायचा. याला देवराव अक्कल म्हणायचा. त्याची बायको बेबीताई याला काय म्हणायची, ते त्याने कधी विचारलं नव्हतं.

बेबीताई दिवाळी झाली की कापूस वेचायला जायची. बाबुलाल नावाचा एक मुकादम होता, तो मोहल्ल्यातल्या वीस-बावीस बाया आपल्या चारचाकीत कोंबून वावरात न्यायचा आणि संध्याकाळी परत आणून सोडायचा. वेचणीचं काम म्हणजे कंबरेचा नुसता भुगा. एक दिवस एका म्हातारीची पाठ धरली, ती तासातच, कपाशीच्या ओळीतच, बसली आणि रडायला लागली. तिला उठवावं म्हणून बेबीताईने मनाने एक गोष्ट रचून सांगायला सुरुवात केली. राजूरकडे एक बंद पडलेली खाण आहे. ती कोसळली तेव्हा एक माणूस आत राहिला, सगळ्यांनी त्याला मेला म्हणून सोडून दिलं. पण तो मेला नाही. तोंडाला कोळशाची काळी फासून तो बाहेर येतो. बाईमाणसाला ज्याने छळलं त्याच्या दारी जातो, आणि हिशोब करून परत खाणीत उतरतो. त्याचं खरं नाव कुणाला माहीत नाही. बाया त्याला काजळ्या म्हणतात.

म्हातारी उठली. बायांनी त्या दिवशी दोन ओळी जास्तीच्या वेचल्या आणि कुणाला कळलंही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत बसता बसता सगळ्या म्हणाल्या, मंग काजळ्याचं काय झालं?

झालं, लागला नाद. दुसऱ्या टोळीतल्या बायांनीही मागणी केली. कुणाच्या तरी पोरीने मोबाईलवर एक ग्रुप काढून दिला. बेबीताई संध्याकाळी गोष्ट रेकॉर्ड करायची आणि दुसऱ्या दिवशी बरोबर दोन वाजता पाठवायची, कारण दोन वाजता बाया धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, भाकर खायला बसतात. पंचवीस वावरांत पंचवीस फोन एका वेळी बोलायला लागायचे.

यातलं देवरावला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. बायको स्वयंपाकघराचं दार लोटून तास तास बोलते, ती बहिणीशी बोलत असेल असं तो धरून चालला होता. त्याला सांगितलं खेमसिंग ड्रायव्हरने. खेमसिंगची गाडी रांगेत उभी होती आणि कॅबिनमधून एका बाईचा आवाज येत होता. देवराव चिठ्ठी द्यायला गेला आणि तिथेच थबकला. आवाज बेबीचा. पण असा आवाज त्याने घरात कधी ऐकला नव्हता. त्यात धार होती, मजा होती, आणि मधूनच ती अशी थांबायची, की ऐकणाऱ्याचा श्वास अडकावा. काजळ्या एका मास्तरला गळ्यापर्यंत कोळशाच्या ढिगात पुरून उभा होता. मास्तरने पोरींच्या अंगाला हात लावले होते. काजळ्या त्याला एकेक पोरीचं नाव घ्यायला लावत होता, आणि नाव चुकलं की वरून एक घमेलं कोळसा.

खेमसिंग म्हणाला, बाबूजी, आमच्या घरची तर याच्यावर फिदा आहे. मग हळूच विचारलं, हा काजळ्या तुमच्या घरीच राहतो का हो? मागचे दोघं-तिघं ड्रायव्हर खदखदले. देवरावही हसला. पण त्या दिवशी दोन गाड्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली, बावीस वर्षांत पहिल्यांदा.

खेमसिंगकडून त्याने सगळे भाग मागून घेतले. ऐकले. आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडले, हीच तर पंचाईत. मास्तर ढिगात बुडाला तेव्हा देवरावच्या पोटात गोड कळ उठली. त्याने तो भाग मागे नेऊन परत ऐकला. आयुष्यात मुंगी न मारलेला हा माणूस खुर्चीवर एकटाच बसून “घे लेका” असं पुटपुटला. मग त्याच्या ध्यानात आलं, की हे सगळं ज्याच्यासाठी होतं तो आपण नव्हे. घमेलं काजळ्याच्या हातात होतं. आणि बेबीच्या आवाजातली ती धार, ते थांबणं, ते कौतुक, सगळं त्याच्याच वाट्याला गेलं होतं.

त्याहून वाईट पुढे होतं. काजळ्या कुणाला संपवून आला की हात धुवायचा, आणि जिच्यासाठी गेला होता त्या बाईच्या दारी उकिडवा बसून विचारायचा, “माय, जेवली का?” बस, एवढंच. आणि खेमसिंग सांगायचा, की मारामारीवर बाया हसतात, टाळ्या पिटतात, पण या एका वाक्यावर डोळ्याला पदर लावतात.

देवरावने आठवून पाहिलं. आपण बेबीला असं कधी विचारलं का? विचारायचं तरी कशाला, तीच तर स्वयंपाक करते. तरी त्या संध्याकाळी त्याने हिय्या केला आणि म्हणाला, “बेबी, जेवली का?” बेबीताईने हातातलं पातेलं खाली ठेवलं, जवळ येऊन त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि विचारलं, बीपीची गोळी घेतली ना? देवरावच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या काळतोंड्याने विचारलं तर रडता, आणि नवऱ्याने विचारलं तर बीपी.

मग तो तिच्याशी वाद घालायला लागला. थेट नाही, आडून आडून. जेवताना म्हणायचा, लोकं आजकाल गोष्टीत कुणालाही मारतात, हे काही बरं नाही. कायदा आहे, पोलीस आहेत. एखाद्याने डोक्यात घेतलं तर? बेबीताईला कळलं, की याला कळलंय. तिने लपवलं नाही. “मारनं बरं नाई हे मले बी समजते,” ती म्हणाली. “मी कोनाले मारा म्हनत नाई. पण त्या बाया दिवसभर वाकून राह्यतात, शिव्या खातात. दोन वाजता त्याईले भाकर गोड लागते. तेवढंच.” देवराव म्हणाला, आणि त्यांच्या नवऱ्यांचं काय? यावर ती हसली. तिच्या हसण्यात काही वाईट नव्हतं, पण देवरावला ते चार दिवस सलत राहिलं.

त्याने काजळ्यातला खरा माणूस शोधायलाही सुरुवात केली. हिने कुणाला तरी पाहूनच हा रंगवला असणार. काजळ्या उंच, छातीचा कोट, आवाज खर्जातला. खेमसिंग? पण खेमसिंगचा आवाज चिरका. चौकातला वेल्डिंगवाला? त्याला पोट होतं. काट्यावरून जो कोणी रुंद छातीचा ड्रायव्हर उतरे, त्याला देवराव नखशिखांत न्याहाळायचा. एकाने तर विचारलं, बाबूजी, माझं पण वजन करता का? रात्रंदिवस जीव जळत होता माणसाचा. पन्नाशीला आलेला, डोक्यावर चंद्र उगवलेला, आणि आरशासमोर उभा राहून खर्जात “माय” म्हणून पाहतो. सांगायलाही लाज वाटते.

स्वतःची समजूत घालायला त्याच्याजवळ एक हुकमी आठवण होती. चार वर्षांपूर्वी वणीच्या बसस्टँडवर, लग्नसराईच्या गर्दीत, बसमध्ये चढताना एका टारगटाने बेबीशी आगळीक केली. बेबीने तिथेच चप्पल काढली. पण त्या टारगटासोबत आणखी तिघं होते. देवरावने बेबीला धरून बाजूला आणलं, त्या पोरांना हात जोडले, गलती झाली दादा, जाऊ द्या म्हणाला, आणि पुढच्या बसने दोघं सुखरूप घरी आले. कुणाला खरचटलं नाही. याला म्हणतात मर्द, असं देवराव मनात काजळ्याला सुनवायचा. तू मारून दाखवतोस, मी निभावून दाखवलं.

असं सगळं चाललं असताना सरूची गोष्ट आली.

सरू नावाची एक बाई. एका माणसाने भर गर्दीत तिचा हात धरला. असा आवळून धरला, की तिच्या बांगड्या फुटल्या आणि काच मनगटात शिरली. सरू ओरडायला गेली, तर तो म्हणाला, चूप. त्या माणसाच्या हातात चांदीचं कडं. बुडाखाली लाल मोटरसायकल. तोंडात कायम बडीशेप. भाग इथेच संपला: उद्या काजळ्या त्याच्या दारी जाईल.

दुसऱ्या दिवशी काजळ्या दारापर्यंत गेला आणि परत आला. तिसऱ्या दिवशी खिडकीतून बघून परत आला. चौथ्या आणि पाचव्या दिवशीही तेच. असं काजळ्याने कधी केलं नव्हतं. बाया खवळल्या. खेमसिंगची बायको म्हणे भाकर टाकून उठली. शेवटी बेबीताईने सांगून टाकलं, उद्या पक्कं.

देवरावने हे सगळं ऐकलं आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चांदीचं कडं, लाल मोटरसायकल, बडीशेप: हा तर बाबुलाल. मुकादम बाबुलाल. बेबी ज्याच्या टोळीत जाते तो. घरी जाऊन त्याने बेबीचं मनगट पाहिलं. ती भाजी चिरत होती. उजव्या मनगटावर बारीक, पांढरी, बोटभर रेघ. सव्वीस वर्षांच्या संसारात ही रेघ त्याला आज दिसली. त्याने विचारलं, हे कशाचं? तिने हात मागे घेतला. “जुनं आहे. तुमाले काय करायचं आहे?”

पांढरा पडलेला व्रण आठ दिवसांचा असतो की चार वर्षांचा, हे शेंबडं पोरगंही सांगेल. बावीस वर्षं आकडा स्थिर व्हायची वाट बघणाऱ्या माणसाला ते दिसू नये? नाही दिसलं. कारण देवराव त्या वेळी बाबुलालचा विचार करतच नव्हता. तो काजळ्याचा विचार करत होता. माझ्या बायकोचा हात धरला, आणि ती गेली कुणाकडे? त्याच्याकडे. आणि उद्या दोन वाजता तो काळतोंड्या माझ्या बायकोचा सूड घेणार, पंचवीस वावरांतल्या बाया टाळ्या पिटणार, आणि मी काट्यावर बसून चिठ्ठ्या फाडणार. नाही. दोन वाजायच्या आत त्याच्या दारी कुणी दुसराच गेला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला देवरावने तासाभराची सुट्टी घेतली. खेमसिंगच्या गाडीतून चाक खोलायची लोखंडी टामी काढली, पिशवीत घातली आणि सायकलने निघाला. वावर चार किलोमीटरवर होतं. बाया तासांत वाकलेल्या होत्या. बाबुलाल धुऱ्यावर पळसाच्या सावलीत उकिडवा बसून बाटलीने पाणी पीत होता. काजळ्या मारायच्या आधी एक वाक्य बोलतो. देवरावला ते ऐन वेळी आठवेना. त्याने तसाच घाव घातला.

पहिला घाव कोपरावर बसला. हाड मोडल्याचा आवाज आला. गोष्टीत बेबी हा आवाज तोंडाने काढून दाखवायची आणि तो मजेदार वाटायचा. दुसरा गुडघ्यावर. बाबुलाल कोलमडला, आणि त्याच्या तोंडून एकच निघत राहिलं, “काय झालं भाऊ? काय झालं?” काजळ्याच्या गोष्टीतल्या कुठल्याही पाप्याने हे कधी विचारलं नव्हतं. त्यांना सगळ्यांना माहीत असायचं. देवरावने तिसऱ्यांदा टामी उचलली, पण मारली नाही.

बाया धावत आल्या. एकीच्या तोंडून निघून गेलं, “काजळ्या आला गं.” मग कुजबुज पसरली: कडं, लाल गाडी, बडीशेप, अगं हाच तो. दोघी-तिघींनी बाबुलालला त्याच्याच चारचाकीत घातलं, गाडीवाला त्याला दवाखान्यात घेऊन गेला. पण उरलेल्या बाया देवरावकडे बघत होत्या, आणि त्या बघण्याने त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. एका म्हाताऱ्या बाईने त्याच्यापुढे पाण्याचा गडवा धरला. “बस बापू, दमला अससीन.” सगळ्या जन्मात त्याच्याकडे असं कुणी बघितलं नव्हतं. तो पाणी प्यायला आणि त्याने बेबीला शोधलं.

बेबीताई तिथेच उभी होती, ओटीत कापूस घेऊन. तिने येऊन त्याच्या हातातली टामी काढून घेतली, बायांना आपापल्या तासाला जा म्हणून सांगितलं आणि त्याला पळसाखाली नेलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“त्यानं तुमचं काय केलं?”

“माहं नाई, तुहं. हात धरला त्यानं तुहा. बांगड्या फुटल्या. मी ऐकलं सगळं. आता तुह्या काजळ्याले सांग, येऊ नको म्हनावं.”

तिने उजवं मनगट त्याच्यापुढे धरलं. मग म्हणाली, “तो हात तुमी धरलता.”

देवरावला काही उमगेना.

“बसस्टँडवर. मी चप्पल उगारली, त तुमी माहं मनगट असं आवळलं का तीन बांगड्या फुटल्या. मी बोलाले गेली त चूप म्हनलं. माह्याच समोर त्याईले हात जोडले. तो पोट्टा हासून राह्यलता. त्याचं तोंड बी आता आठवत नाई मले. तुमचा हात आठवते.”

“मंग हे कडं? गाडी?”

“तुमचं नाव कसं घेऊ? बायाईनं ओळखलं असतं. समोर जो दिसला त्याचं कडं घेतलं, त्याची गाडी घेतली. बाबुलालनं मले कधी बोट बी नाई लावलं.”

 देवराव खाली बसला. वावरात बाया वाकून वेचत होत्या, पण कान इकडेच होते. त्याने विचारलं, आणि विचारताना त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला: “मंग काजळ्या मले मारनार होता?”

“चार दिस झाले, त्याले दारापर्यंत पाठोते,” बेबीताई म्हणाली. “नाई उठत हात त्याचा. बाया शिव्या देऊन राह्यल्या मले, तरी नाई उठत. काल दातओठ खाऊन रेकॉर्ड कराले बसली, त मलेच रडू आलं.”

आता यावर माणसाला काय वाटावं? लाज वाटावी, भीती वाटावी. देवरावला ते वाटलंच. पण सगळ्यात आधी, सगळ्यात खोल, जे टोचलं ते वेगळंच होतं. एकोणीस माणसं मारलेला तो काळतोंड्या त्याच्या दारातून परत गेला होता. चार वेळा. आणि देवराव एकदाही थांबला नव्हता. दयेतसुद्धा काजळ्याच पुढे निघाला. देवराव तिथे पळसाखाली बसून परत एकदा जळला.

बेबीताईने ओटीतला कापूस गाठोड्यात ओतला आणि म्हणाली, उठा, दवाखान्यात जायचं आहे.

दवाखान्यात पोचेपर्यंत दोन वाजून गेले होते. त्या दिवशी दोनचा भाग गेला नाही, पण ग्रुपवर आवाजांचा पाऊस पडत होता. काटेवाले भाऊजीच काजळ्या. बरं केलं, हातच मोडायला पाहिजे होता त्याचा. बेबीताईने तिथेच आवारात उभं राहून सांगून टाकलं, की बाबुलालने काही केलं नाही, सरूची गोष्ट त्याची नव्हती, चूक झाली. लगेच उत्तरं आली. तू घाबरू नको ताई. दाबून राह्यले का तुले? त्यानं काही ना काही केलंच असन, त्याच्याशिवाय कोनी मारते काय? देवराव तिच्या खांद्यावरून ऐकत होता. खरं तेच सांगायचं तर त्याला त्यातला एकेक शब्द गोड लागत होता, आणि बेबीताईने त्याच्या तोंडाकडे पाहून फोन बंद केला.

बाबुलाल खाटेवर पडला होता. हाताला पट्टा, गुडघा सुजून टम्म. डॉक्टरला त्याने मोटरसायकलवरून पडलो असं सांगितलं होतं. त्याची बायको खाटेपासून दोन हात लांब, भिंतीला टेकून, तोंड फिरवून बसलेली. बेबीताईचा आवाज ऐकताच ती उठली आणि तिचे दोन्ही हात धरून म्हणाली, “ताई, तुमी सांगा. काय केलं माह्या नवऱ्यानं? तो सांगून नाई राह्यला. काजळ्या उगाच कोनाले मारत नाई, मी पह्यल्या दिवसापासून ऐकते.”

बेबीताईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती काही बोलणार, तेवढ्यात बाबुलालनेच मान वळवली. देवरावला बघून तो भिंतीकडे सरकला, मग धीर करून बोलायला लागला. दोन तास तो हेच आठवत पडला होता म्हणे. “त्या म्हातारीले मी शिवी देलती भाऊ, ते पाठ धरून बसलती तवा. त्याच्यापायी का? तेच असन. दुसरं मले काही आठवत नाई. पाय धरतो मी तिचे.”

बघा, देवाने कसं दार उघडून ठेवलं होतं. नुसतं हो म्हणायचं. शिवी दिली होतीच, म्हातारी होतीच. हो म्हटलं की बाबुलाल पापी ठरला, देवराव काजळ्या ठरला, ग्रुपवरच्या पंचवीस वावरांचं खरं झालं. पोलिसांचाही प्रश्न मिटला. बाबुलालची बायको देवरावच्या तोंडाकडे बघत होती. बेबीताई नव्हती बघत. ती खिडकीबाहेर बघत होती, आणि देवरावला कळलं, की तिला त्याच्याकडून काही अपेक्षाच राहिलेली नाही. बसस्टँडचं खरं ऐकलं त्याहून हे त्याला जास्त लागलं.

“नाई,” देवराव म्हणाला. “तुहं काही नाई चुकलं बाबुलाल. वहिनी, यानं काही नाई केलं. बेबीचा हात मी धरलता, बसस्टँडवर. बांगड्या माह्याच हातानं फुटल्या. गोष्टीतला मानूस मी होतो.”

“मंग मले काहून मारलं?” बाबुलालने विचारलं. रागाने नाही, खरंच समजून घ्यायला.

खोलीत आणखी चार पेशंट होते, त्यांचे नातेवाईक होते, एक सिस्टर सलाईन बदलत होती. सगळे थांबले. देवरावने बेबीकडे पाहिलं. ती आता त्याच्याकडेच बघत होती.

“मले त्याचा हेवा वाटला,” तो म्हणाला. “काजळ्याचा. घरी तिचा आवाज मले कधी तसा ऐकू नाई आला. त्याच्यासाठीच तो आवाज. मले वाटलं, आपुन एकदा त्याच्या आधी जाऊन पाह्यलं पायजे. मी तुह्यासाठी नव्हतो आलो बाबुलाल. मी त्याच्यासाठी आलतो.”

सिस्टर हसू दाबत निघून गेली. बाजूच्या खाटेवरचा म्हातारा मात्र हसला नाही. बाबुलालची बायको मटकन खाटेवर बसली आणि नवऱ्याच्या पायावर हात ठेवून रडायला लागली. मग तिने बाटलीचं झाकण काढलं आणि त्याच्या तोंडाला पाणी लावलं. त्याने दोन घोट घेतले, ठसकला, आणि पडल्या पडल्या देवरावकडे बघत राहिला.

“रिपोर्ट द्याचा का नाई ते मी उद्या सांगन,” तो म्हणाला. मग आवाज उतरवून: “माह्या घरी बी दोन वाजता तोच राह्यते भाऊ. हे बाई कानाले फोन लावून बसते, मी समोर बसलो त दिसत नाई तिले. मले बी राग येते त्याचा. लय येते.” त्याने पट्टा बांधलेला हात हलवायला पाहिला, नाही हलला. “पण मी कोनाले मारलं नाई.”